कोळशाची बादली

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

आई म्हणतेय व्हॉट्सअपवर एवढं लांबलचक कोण पाठवतं, पण फोनवर तुझ्याकडे असतात सात मिनिटं, त्यातली पाच आई घेते, उरलेल्या दोनात मी जेवलीस का आणि थंडी किती आहे एवढंच विचारू शकतो. म्हणून हे लिहितोय. बसमध्ये वाच, दोन-तीन दिवसांत वाच, घाई नाही.

गेल्या रविवारी तू म्हणालीस ना, की घरातल्या पोरींबरोबर तो मपेटवाला, बाहुल्यांचा ख्रिसमस कॅरल पिक्चर बघितला, बाबा तुझ्याकडे ते डिकन्सचं पुस्तक होतं ना, पुस्तकात पण असंच आहे का. मी हो हो असंच आहे म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला काहीच धड आठवत नाहीये. म्हणजे चिक्कू म्हातारा स्क्रूज, रात्री त्याच्याकडे भुतं येतात, सकाळी उठतो तो सुधारलेला, एवढं आठवतं, पण एवढं तर कोणालाही आठवतं. माझी प्रत होती किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून 3 रुपयांना घेतलेली, साल असेल 1987, रात्रीच्या कॉलेजात होतो तेव्हा. माळ्यावरून काढली तर ती निघाली शाळेच्या पोरांसाठी कापूनकुपून बारीक केलेली, जेमतेम 48 पानांची, आणि मी 38 वर्षं समजतोय की आपण डिकन्स वाचलाय! मग अख्खं पुस्तक मोबाइलवर उतरवलं आणि रोज रात्री जेवण झाल्यावर थोडं थोडं वाचलं, शेजारी डिक्शनरी. पाच भाग आहेत, नऊ रात्री लागल्या. मोठं नाहीये काही, माझं इंग्रजीच हळू चालतं.

आणि मग चस्काच लागला म्हण, पेढी सोडल्यापासून वेळ आहेच, त्याचे पिक्चर शोधून शोधून बघितले. आई वैतागली, म्हणाली त्याच म्हाताऱ्याला किती वेळा सुधारायचंय तुम्हाला.

आधी पुस्तकाचं सांगतो. पहिल्याच भागात मी अडकलो, तेही भुतापाशी नाही, कोळशापाशी. स्क्रूजच्या ऑफिसात त्याच्या स्वतःच्या शेगडीत विस्तव अगदी बेताचा, आणि बाजूच्या कोंदट खोलीत बसणाऱ्या कारकुनाचा, बॉब क्रॅचिटचा, इतका बारका की एकच निखारा असावा असा दिसतो. पण त्याला त्यात भर घालता येत नाही कारण कोळशाची पेटी स्क्रूजने स्वतःच्या खोलीत ठेवलीय. हा फावडं घेऊन आत गेला रे गेला की मालक म्हणणार, बहुतेक आता आपलं जमायचं नाही. म्हणून तो बिचारा गळ्याभोवती पांढरा मफलर गुंडाळतो आणि मेणबत्तीवर ऊब घ्यायला बघतो, आणि डिकन्स म्हणतो की कल्पनाशक्ती फारशी दांडगी नसल्यामुळे ते काही त्याला जमत नाही. हे वाचून मी हसलो. मग मनात म्हटलं अरे, आपल्या घरात एसीचा रिमोट कुठे असायचा?

गोदरेजच्या कपाटात. आतल्या खणात. तुला आठवत असेलच, दहावीला होतीस, मे महिना, तू ओला टॉवेल डोक्यावर ठेवून अभ्यास करायचीस आणि मी रात्री दहा वाजता कपाट उघडून रिमोट बाहेर काढायचो आणि अकराला परत आत.

पुढे जाऊ.

मी आयुष्यभर हिशेब लिहिले तेव्हा माझं डोकं तिकडेच जाणार. बॉबचा पगार आठवड्याला 15 शिलिंग. आणि हे पुस्तक 19 डिसेंबर 1843 ला बाजारात आलं तेव्हा त्याची किंमत होती 5 शिलिंग. म्हणजे ज्याच्यावर गोष्ट लिहिली त्याला ती विकत घ्यायची तर आठवड्याचा तिसरा हिस्सा पगार गेला असता! पहिल्या 6000 प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. डिकन्सला वाटलं हजार पौंड सुटतील, पण त्याने हौसेने सोनेरी कडा, हाताने रंगवलेली चित्रं असला सगळा थाट केला होता, खर्चच एवढा झाला की हातात आले 230 च्या आसपास. वर कोणीतरी चोरून नक्कल छापली, हा कोर्टात गेला, केस जिंकला, आणि समोरच्याने दिवाळं काढल्यामुळे खर्च याच्याच अंगावर, 700 पौंड. चिक्कू माणसावर सगळ्यात गाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्याला कॉस्टिंग येत नव्हतं, हे मला फार आवडलं.

अजून एक, तू मँचेस्टरला आहेस म्हणून सांगतो. त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला डिकन्स तुझ्या गावात होता. मँचेस्टर अथेनियम म्हणून कामकरी लोकांच्या शिक्षणासाठी संस्था होती तिच्या मदतीसाठी भाषण करायला आलेला. त्याच्या आधी थोडे दिवस लंडनमध्ये गरीब पोरांची फुकट शाळा बघून आला होता आणि ते डोक्यातून जात नव्हतं. आधी एक पत्रकच काढणार होता गरिबांच्या मुलांबद्दल, मग ठरवलं त्यापेक्षा गोष्ट लिहू, आणि मँचेस्टरहून परत गेल्यावर सहा आठवड्यांत लिहून काढली. ती बिल्डिंग अजून आहे, प्रिन्सेस स्ट्रीटवर, आता आर्ट गॅलरीतच घेतलीय. तू गॅलरीचे फोटो पाठवले होतेस, म्हणजे त्याच भिंतीजवळून गेली असशील. एकदा नीट बघून ये.

तो 'हंबग' शब्द येतो ना सारखा, नाताळ म्हटलं की स्क्रूज म्हणतो हंबग. त्याला मराठीत काय म्हणावं यावर मी दोन दिवस घालवले, थोतांड म्हणावं, भंपकपणा म्हणावं, काही बसेना. शेवटी आईला विचारलं की सणावाराला खर्च काढला की मी तुला काय म्हणतो. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "नसती थेरं."

आता पिक्चर. सगळ्यात जुना आहे 1901 चा, काही मिनिटांचाच, मुका, त्यात तीन भुतं नाहीतच, स्क्रूजचा मेलेला भागीदार मार्ले, त्याचं भूतच सगळं दाखवून टाकतं. दाराच्या कडीवर मार्लेचा चेहरा उमटतो ती ट्रिक तेव्हाच्या मानाने भारी आहे. 1938 चा अमेरिकन बघितला, गोड आहे, इतका गोड की उपवासाच्या दिवशी बघावा. क्रॅचिटचं घर गरिबाचं वाटतच नाही. पुस्तकात त्यांच्याकडे भट्टीसुद्धा नसते गं, हंस भाजायला बेकरीवाल्याकडे पाठवतात, आणि पुडिंग कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात शिजवतात म्हणून घरभर धुण्याचा वास येतो. आणि एवढ्या माणसांना ते पुडिंग पुरणार नाही हे सगळ्यांना दिसतंय पण कोणी बोलत नाही, बोलायला लाज वाटली असती म्हणे. ही एक ओळ कुठल्याच कॅमेऱ्यात आली नाही, येणारही नाही, कारण न बोललेलं कसं दाखवणार.

1970 चा गाण्यांचा आहे, अल्बर्ट फिनीचा, तेव्हा तो तिशीतलाच आणि म्हातारा झालाय मेकअपने. त्यात स्क्रूजला नरकातसुद्धा नेऊन आणतात. कशाला? 2009 चा जिम कॅरीवाला कॉम्प्युटरवर केलेला आहे, बऱ्याच जागी पुस्तकातलेच शब्द घेतलेत, आणि मध्येच स्क्रूज उंदराएवढा होतो आणि काळ्या घोड्यांची प्रेतगाडी त्याच्या मागे लागते, धावतोय धावतोय. सुरुवातीलाच तो मेलेल्या मार्लेच्या डोळ्यांवरची दोन नाणी उचलून खिशात टाकतो. मला नाही पटलं. खरा चिक्कू माणूस असा दिसत नाही, मी रोज सकाळी दाढी करताना बघतो ना.

डिस्नेचा 1983 चा छोटा तुला तोंडपाठ होता, मिकी म्हणजे बॉब आणि स्क्रूज मॅकडक मालक. त्या बदकाचं नावच मुळात या गोष्टीवरून ठेवलंय, आम्ही त्याला डकटेल्समुळे ओळखायचो, दूरदर्शनवर रविवारी हिंदीत लागायचं. त्यात मिकी दौतीतली शाई वितळवायला कोळशाचा एक तुकडा उचलतो आणि मालक ओरडतो की मागच्या आठवड्यात तर घेतला होतास. आणि ज्या मुलीवर त्याचं प्रेम तिचा घराचा हप्ता एक तास उशिरा आला म्हणून तो घरच जप्त करतो! पंचवीसेक मिनिटांच्या कार्टूनमध्ये हा प्रसंग ज्याने घातला त्याला माझा नमस्कार. तू लहानपणी तिथे खदखदून हसायचीस. मी शेजारी बसलेलो असायचो.

तुझा मपेटवाला. 1992. मी नाक मुरडतच लावला, बाहुल्या काय बघायच्या या वयात, पण मनू, चांगला आहे गं. मायकेल केन एकदाही हसू आणत नाही, समोर बेडूक आहे, उंदीर आहेत, तरी हा माणूस एखादं गंभीर नाटक चाललंय अशा तोऱ्यात उभा. आणि ऑफिसातले ते हिशेबनीस उंदीर, कोळसा मागायला येतात आणि मालक नोकरी जाण्याची धमकी देतो तर एका सेकंदात उन्हाळी कपडे घालून आम्हाला कित्ती गरम होतंय म्हणून नाचायला लागतात. दाणाबंदरच्या धान्यबाजारात पेढीवर आम्ही सहा जण नेमके असेच होतो. शेठ आले की पंखा फुल्ल चालतोय, काय वारा, काय वारा!

आता जे सांगायला हे सगळं लिहायला घेतलं ते. पहिलं भूत स्क्रूजला त्याचा भूतकाळ दाखवतं ना, त्यात बेल नावाची मुलगी येते. दोघांचं लग्न ठरलेलं, दोघं गरीब असतानाच ठरलेलं, आणि ती ते मोडायला आलीय. अंगावर सुतकाचे काळे कपडे, म्हणजे घरातलं कोणीतरी गेलंय, आणि हातात हुंड्याला एक दमडी नाही. माझ्या 48 पानी पुस्तकात हा प्रसंगच नव्हता. तुझ्या मपेटमध्ये पण तिचं अख्खं गाणं होतं, शूटही केलं होतं, थिएटरला लावताना कापलं, का तर पोरं कंटाळतील. नंतर कित्येक वर्षं त्याची मूळ निगेटिव्हच सापडत नव्हती, आत्ता आत्ता सापडली, तेव्हा ते गाणं असलेली पण एक कॉपी आहे, तुम्ही कुठली बघितली माहीत नाही. कापलेल्यात ती दोन वाक्यं बोलून निघून जाते आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या जोडीचा तो उंदीर एकदम ढसाढसा रडायला लागतो, आपल्याला कळतच नाही का रडतोय. 1938 वाल्याने तर बेलच काढून टाकलीय.

आणि सगळी मेख तिथेच आहे असं मला वाटतं. ती त्याला म्हणते, माझ्या जागी दुसरी मूर्ती आली, सोन्याची. तो चिडून म्हणतो, ही बघा जगाची रीत, गरिबीइतकं जग कशालाच झोडपत नाही, आणि पैशाच्या मागे लागणाऱ्याला नावं ठेवायलाही हेच जग पुढे. मी इथे थांबलो, म्हटलं खरं आहे की त्याचं, यात चुकीचं काय बोलला. आणि मग ती अगदी हळू, न चिडता म्हणते, तू जगाला फार घाबरतोस. तुझ्या बाकी सगळ्या इच्छा एकाच इच्छेत बुडाल्यात, की या जगाला आपल्याला कधी काही बोलता येऊ नये.

तू जगाला फार घाबरतोस. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आई झोपली होती, मी मोबाइल पालथा ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तुला मी कधी सांगितलं नाही कारण सांगण्यासारखं काय होतं. आप्पा गिरणीत साचेखात्यात होते, संप झाला, गिरणी सुटली, एवढं तुला ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो मागे घेतला असं कोणी कधी जाहीरच केलं नाही. मी 14 वर्षांचा. पहिले दोन-तीन महिने चाळीत वातावरण गणपतीसारखं होतं, सभा, मोर्चे, आप्पा खूश असायचे. मग एकेक बिऱ्हाड गावाला निघालं, कोणी कोकणात, कोणी घाटावर. आजीची खानावळ होती आठ जणांची, जेवणारेच गावाला गेल्यावर खानावळ कसली. मग तिने रद्दीच्या पिशव्या करायला घेतल्या. मैद्याची खळ शिजवायची, पेपर कापायचे, घडी, खळ, दाब. शंभराचा गठ्ठा. मी शाळेतून आलो की बसायचो ते रात्रीपर्यंत, बोटांवर खळ वाळली की कातडीसारखी सोलून निघते, तो वास मला अजून मैद्याच्या डब्यात येतो, म्हणून मी घरात करंज्या करताना बाहेर जातो, आईला वाटतं मला कामाचा कंटाळा आहे.

आणि एक दिवस वाण्याच्या दुकानात मी उभा होतो, दोन किलो तांदूळ घ्यायला. दुकानात गर्दी, माझ्या वर्गातला एक मुलगा त्याच्या आईबरोबर. वाण्याने वही काढली, आमचं पान उघडलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने आकडा वाचला. फक्त आकडा. शिवी नाही, काही नाही. मी पिशवी घडी करून खिशात घातली आणि घरी आलो.

तो आकडा मी तुला सांगणार नाही. मला पाठ आहे.

पुढे तोच वाणी आमच्या पिशव्या घ्यायला लागला, त्याच्याच ओळखीने मला दाणाबंदरच्या पेढीवर चिकटवलं, म्हणजे माणूस वाईट नव्हता. पण मी तेव्हा ठरवलं की आपलं पान कुठल्याही वहीत असणार नाही. आणि नाहीच राहिलं. एक पैशाचं कर्ज नाही माझ्यावर आजपर्यंत. तू नववीत असताना अजिंठा-वेरूळची सहल होती, 3200 रुपये. मी तुला म्हटलं यंदा नाही जमणार बेटा. त्याच महिन्यात मी 50 हजारांची एफडी रिन्यू केली होती. जमत होतं मनू. तू काही बोलली नाहीस, आत जाऊन फॉर्म दप्तरात ठेवलास, आणि परत आलेल्या मैत्रिणींचे फोटो मला दाखवलेस, ही बघ बाबा कैलास लेणी, म्हणून. न पुरणाऱ्या पुडिंगबद्दल कोणी बोलत नाही तसं.

डिकन्सचं पण असंच होतं म्हणून हे आठवलं. तो 12 वर्षांचा असताना त्याच्या वडिलांना कर्जापायी तुरुंगात टाकलं, 1824 साली, बेकरीवाल्याचे 40 पौंड का काहीतरी देणं होतं. हा शाळा सोडून बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवायला. त्याची लेबलं, माझ्या पिशव्या. इतका मोठा माणूस झाला तरी त्याने हे पोराबाळांना सांगितलं नाही, तो गेल्यावर त्याच्या मित्राने चरित्र लिहिलं तेव्हा जगाला कळलं. म्हटलं आपल्याला चरित्र लिहिणारा मित्र काही नाही, आपणच सांगून टाकू.

बाकी दोन पिक्चर राहिले, दोन्ही चांगले. 1984 चा जॉर्ज स्कॉटचा, त्याच्यात स्क्रूज अजिबात खुळा म्हातारा वाटत नाही, व्यापारी वाटतो, जाडजूड, शांत, कल्ले राखलेले. बाजारात जातो आणि धान्याचा सौदा करतो, लोक म्हणतात भाव जास्त आहे, तर म्हणतो उद्या आणखी वाढेल, उशीर केलात त्याचे पाच टक्के. आवाज न चढवता. मला घाम फुटला बघताना. हेच वाक्य, याच आवाजात मी तीस वर्षं ऐकलंय आणि वहीत लिहिलंय. तो पिक्चर श्रूजबरी नावाच्या गावात शूट केलाय, तिथल्या चर्चच्या आवारात स्क्रूजच्या नावाचा थडग्याचा दगड शूटिंगनंतरही ठेवून दिला होता, मँचेस्टरपासून लांब नाही, मैत्रिणी जाणार असतील तर जा. तिकीट मी देतो.

पण सगळ्यात चांगला 1951 चा, काळापांढरा, अॅलिस्टर सिम नावाचा नट. त्याचे डोळे मोठे, बाहेर आलेले, आणि त्या डोळ्यांत सुरुवातीपासून भीती आहे, भूत यायच्या आधीपासून. खानावळीत एकटा जेवतोय, वेटरला म्हणतो आणखी पाव आण. वेटर म्हणतो अर्धा पेनी जास्त पडेल. हा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, नको. बस एवढंच. आई माझ्याकडे बघून हसायला लागली, कारण उडप्याकडे पावभाजीबरोबर एक्स्ट्रा पावाचं मी काय करतो ते तुम्हा दोघींना माहितीये. त्यात पुस्तकात नसलेलं पण बरंच घातलंय, स्क्रूजला बिघडवणारा एक लबाड जॉर्किन आहे, बेलचं नावच अॅलिस केलंय, आणि बहीण मरताना काहीतरी सांगतेय ते न ऐकताच हा खोलीबाहेर पडतो, नंतर भुताबरोबर परत उभा राहून ऐकतो की ती म्हणत होती माझ्या मुलाला सांभाळ. पुस्तकात यातलं काही नाही, तरी खोटं वाटत नाही.

आणि शेवट. बदललेला स्क्रूज भाच्याच्या घरी जेवायला जातो, त्याने दरवर्षी बोलावलेलं आणि याने दरवर्षी नाही म्हटलेलं. आतून गाण्याचा आवाज येतोय. दार उघडायला आलेली कामवाली मुलगी टोपी-काठी घेते, आणि हा दिवाणखान्याच्या दारापाशी अडतो. आत जायचं धाडस होत नाही. मागे वळून त्या मुलीकडे बघतो, आणि ती, पोरगी असेल सोळा-सतरा वर्षांची, मान हलवते, जा ना आत, काही होत नाही. चार भुतांनी रात्रभर जे केलं त्यापेक्षा मला ती मान हलवणं जास्त वाटलं. मी तेवढंच तीन वेळा मागे घेऊन बघितलं, आई म्हणाली आता झोपा.

बरं, आता कोळसा. पुस्तकात स्क्रूज दुसऱ्या दिवशी ऑफिसात मुद्दाम लवकर येऊन बसतो, बॉब साडेअठरा मिनिटं उशिरा येतो, हा आधी खोटं खोटं रागावतो आणि मग पगार वाढवतो, बहुतेक पिक्चरमध्ये आहे कुठल्या ना कुठल्या प्रकारे. पण पुस्तकात पगारवाढीनंतर तो अजून एक बोलतो, जवळजवळ हुकूमच. शेगड्या पेटव, आणि एक अक्षर लिहायच्या आत आधी जाऊन कोळशाची दुसरी बादली विकत घेऊन ये.

तुझी नोव्हेंबरची खर्चाची शीट आली. नीट ठेवतेस, बेरीज बरोबर आहे, भाडं, बस, भाजी, सगळं. हीटिंगच्या रकान्यात तू शून्य लिहिलंयस. आणि परवाच्या व्हिडिओ कॉलमध्ये तू खोलीत जॅकेट घालून बसली होतीस, मी विचारलं तर म्हणालीस आत्ताच बाहेरून आले बाबा. पायात घरातल्या सपाता होत्या तुझ्या, मला दिसल्या.

मी आज 40 पौंड पाठवलेत, बँक म्हणाली उद्यापर्यंत येतील. हीटर लाव. रात्रभर लाव. आणि डिसेंबरच्या शीटमधून तो रकानाच काढून टाक.

आई विचारतेय चकल्या पाठवू का, पार्सलचा खर्च चकल्यांपेक्षा जास्त येतोय. मी म्हटलं पाठव.

तुझा,
बाबा